वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा प्रशिक्षक होण्याविषयी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली चार पत्रे एकाच विषयाची निघाली, आणि तो विषयही असा की ज्याचे मैदान आपल्या भागात सहसा पाहायला मिळत नाही. अमेरिकन फुटबॉल मी खेळलेलो नाही आणि शिकवलेलाही नाही. तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षे शारीरिक शिक्षण संचालक होतो आणि त्या काळात इतर खेळांबरोबर या खेळाच्या प्रशिक्षकांची चरित्रे आवडीने वाचत आलो, एवढ्या अधिकारावर ही उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमची नऊ एकर कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर घेतो. मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून कबड्डीत विद्यापीठाच्या निवड चाचणीपर्यंत गेला होता. वर्षभरापासून तो मोबाईलवर अमेरिकन फुटबॉलचे सामने पाहतो आणि तिकडच्या कॉलेजात प्रशिक्षक व्हायचे म्हणतो. तिथल्या प्रशिक्षकाला वर्षाला नव्वद कोटी रुपये मिळतात, असे त्याचे सांगणे आहे. कॉलेजच्या पीटी सरांना इतका पगार कोण देईल? हे खरे आहे काय, आणि असल्यास आम्ही त्याला अडवावे काय?
— एक शेतकरी पालक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : आकडा खरा आहे, मात्र तो अगदी मोजक्या माणसांचा आहे. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे वार्षिक मानधन १ कोटी १० लाख डॉलरच्या वर होते. तेव्हाच्या दराने रुपयांत त्याचे सुमारे नव्वद कोटी होत. अमेरिकेतील अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. राज्यपालाचा पगार त्याच्यापुढे किरकोळ वाटावा. मोठ्या विद्यापीठांत हा पैसा दूरचित्रवाणीच्या हक्कांतून, तिकिटांतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून येतो. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ७ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात, म्हणजे आपल्या नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमच्या दुपटीहून अधिक, आणि हंगामातील शनिवारी ते भरलेले असते.

प्रशिक्षकाला एवढे महत्त्व का, याचे दुसरे कारण खेळाच्या रचनेतच आहे. आपल्या कबड्डीत चढाई करणारा मध्यरेषा ओलांडून गेला की पुढचे सगळे त्याच्या अकलेवर असते. बाहेरून ओरडणाऱ्या सरांचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतो की नाही, हीच शंका असते. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा खेळाडूंच्या संघाला चेंडू दहा यार्ड पुढे नेण्यासाठी चार संधी मिळतात आणि प्रत्येक संधीनंतर खेळ थांबतो. त्या काही सेकंदांत पुढची खेळी कोणती, कोणत्या खेळाडूने किती पावले कुठे पळायचे आणि कोणी कोणाला अडवायचे, हे बहुतेक वेळा प्रशिक्षक ठरवून मैदानात कळवतो. पूर्वी ते हातांच्या खुणांनी आणि मोठ्या चित्रफलकांनी कळवत असत. २०२४ पासून वरच्या श्रेणीतील महाविद्यालयीन सामन्यांत एका खेळाडूच्या शिरस्त्राणात बसवलेल्या यंत्रातून बोलण्याची मुभा मिळाली. त्यामुळे सामना बुद्धिबळाच्या जवळ जातो आणि हार-जीत प्रशिक्षकाच्या नावावर लिहिली जाते.

आता आपल्या मुलाला दाखवावी अशी गोष्ट. सेबन हे पश्चिम व्हर्जिनियातील एका पेट्रोलपंप चालवणाऱ्याचे चिरंजीव. केंट स्टेट विद्यापीठात खेळून झाल्यावर पत्नीचे शिक्षण संपायला अजून एक वर्ष होते, म्हणून ते तिथेच थांबले आणि १९७३ मध्ये पदव्युत्तर विद्यार्थी-सहायक म्हणून संघात राहिले. त्यानंतर सिरॅक्यूज, पश्चिम व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नौदल अकादमी, मिशिगन स्टेट आणि ह्यूस्टनचा व्यावसायिक संघ असा प्रवास त्यांनी सहायक म्हणूनच केला. मुख्य प्रशिक्षकाची पहिली जागा त्यांना १९९० मध्ये टोलेडो विद्यापीठात मिळाली, म्हणजे सुरुवातीनंतर सतरा वर्षांनी. या सतरा वर्षांत किती वेळा बिऱ्हाड हलवावे लागले असेल, याचा हिशेब घरातल्या माणसांनी करावा. नव्वद कोटींची बातमी मोबाईलवर येते. ही सतरा वर्षे येत नाहीत.

तिकडे पायरी साधारण अशीच आहे. पदव्युत्तर पदवीला प्रवेश घेऊन संघात काम करणाऱ्या विद्यार्थी-सहायकाला फी माफी व थोडे विद्यावेतन मिळते. त्याने सामन्यांच्या चित्रफिती कापून प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक खेळीची नोंद करायची, मैदानावर शंकू मांडायचे, विमानतळावर पाहुण्यांना आणायला जायचे. पुढे एका गटाचा प्रशिक्षक, मग आक्रमणाचा किंवा बचावाचा समन्वयक, आणि नशिबाने साथ दिली तर मुख्य प्रशिक्षक. या कामाचा फार मोठा भाग मैदानाबाहेरचा आहे. शाळेतल्या गुणी मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांसमोर बसायचे, आपल्याच महाविद्यालयात यावे म्हणून मन वळवायचे. २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या जाहिरातीतून कमाई करण्याची मोकळीक मिळाली आणि महाविद्यालय बदलणेही सोपे झाले. तेव्हापासून मिळवलेला खेळाडू टिकवून ठेवणे हे आणखी एक काम त्यात वाढले.

विद्यार्थी-सहायकाच्या जागा प्रामुख्याने तो खेळ खेळलेल्यांना मिळतात, हे मुलाला स्पष्ट सांगावे. अपवाद आहेत. माइक लीच हे महाविद्यालयात फुटबॉल खेळले नव्हते. ते रग्बी खेळत, नंतर त्यांनी कायद्याची पदवी घेतली, मग वकिली न करता लहान महाविद्यालयांत सहायक झाले, १९८९ मध्ये फिनलंडमधील एका संघालाही त्यांनी शिकवले, आणि अखेर टेक्सास टेक, वॉशिंग्टन स्टेट व मिसिसिपी स्टेट या तीन मोठ्या विद्यापीठांचे मुख्य प्रशिक्षक झाले. चेंडू हवेतून पुढे फेकण्यावर उभारलेली त्यांची पद्धत पुढे अनेकांनी उचलली. पण लीच त्या देशात वाढले होते, ती भाषा आणि तो खेळ त्यांच्या कानावर लहानपणापासून होता. यवतमाळच्या मुलाला हे अंतर आधी कापावे लागेल.

अडवावे काय, असे आपण विचारता. अडवू नये, मात्र कर्ज काढून तिकडे पाठवण्याची घाईही करू नये. मुलाने आधी पदवी पूर्ण करून दोन वर्षांचे बी.पी.एड. करावे, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगासमोर दाखवले होते, हेही त्याला माहीत असावे. त्यानंतर व्यायामशास्त्र किंवा शरीरक्षमता प्रशिक्षण या विषयातील पदव्युत्तर प्रवेश शिष्यवृत्तीसह मिळत असेल, तर अमेरिकेचा विचार जरूर करावा. या शाखेतील माणसाला संघाच्या व्यायामशाळेत काम मिळू शकते, आणि ते काम तो खेळ न खेळलेल्यालाही करता येते. विद्यार्थी व्हिसावर सत्र सुरू असताना महाविद्यालयाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते, एवढे गणित मांडूनच खर्च ठरवावा.

आणि एका माणसाची ओळख त्याला करून द्यावी, कारण त्याचा संबंध आपल्या पऱ्हाटीशी येतो. एडी रॉबिन्सन १९१९ मध्ये लुइझियाना राज्यात जन्मले. वडील बटईने शेती करत, आई लोकांच्या घरी काम करत असे. पदवी घेतल्यावर ते एका पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर राबत होते. १९४१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ग्रँब्लिंग येथील कृष्णवर्णीयांच्या लहानशा शिक्षणसंस्थेत त्यांना फुटबॉल प्रशिक्षकाची जागा मिळाली. हाताखाली पगारी सहायक नव्हता. मैदानाचे गवत तेच कापत, खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या तेच बांधत, सामन्याची बातमी लिहून वर्तमानपत्राला तेच पाठवत. प्रवासात गोऱ्यांच्या उपाहारगृहात प्रवेश नसल्याने मुलांसाठी सँडविच बांधून नेत. पहिल्या वर्षी आठ सामन्यांपैकी पाच हरले. दुसऱ्या वर्षी सर्व नऊ सामने जिंकले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण करू दिला नाही.

याच सुरुवातीच्या वर्षांतला एक प्रसंग त्यांच्याविषयी नेहमी सांगितला जातो. संघातील दोन भावांना त्यांच्या वडिलांनी खेळायला पाठवण्यास नकार दिला, कारण शेतात कापूस फुटला होता आणि वेचायला हात नव्हते. फुटबॉलचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा असतो, म्हणजे नेमका वेचणीचा. रॉबिन्सन यांनी त्या बापाला खेळाचे महत्त्व पटवत बसण्याऐवजी अख्खा संघ त्याच्या शेतात नेला, कापूस वेचून दिला आणि दोघा भावांना घेऊन सामन्याला गेले. दिवाळीच्या सुमारास वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना न आलेली मुले मी स्वतः दरवर्षी पाहिली आहेत. मी त्यांच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असे लिहीत असे. हा प्रसंग मी वाचला, तेव्हा माझ्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

रॉबिन्सन त्याच गावात १९९७ पर्यंत राहिले. मधली दोन वर्षे महायुद्धामुळे संघ बंद होता, तेवढा खंड सोडला तर एकच संस्था, एकच काम. पहाटे वसतिगृहात गुरांच्या गळ्यातली घंटा वाजवत मुलांना तासाला उठवणारा हा प्रशिक्षक ४०८ सामने जिंकला आणि त्याच्या हाताखालचे दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक संघांत गेले.

प्रश्न : मी एका वरिष्ठ महाविद्यालयात घड्याळी तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षणाचे काम करतो. दरवर्षी जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यावी लागते आणि मानधन कधी येईल ते सांगता येत नाही. अमेरिकेतील प्रशिक्षक प्राध्यापकांप्रमाणे कायम असतो काय? त्याला वर्गावर शिकवावे लागते काय?
— एक शारीरिक शिक्षक, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली

उत्तर : एकेकाळी तसे होते. शिकागो विद्यापीठ नुकतेच स्थापन झाले असताना त्याच्या अध्यक्षांनी ॲमॉस अलोन्झो स्टॅग यांना प्राध्यापकाचा दर्जा देऊन १८९२ मध्ये नेमले. धर्मोपदेशक होण्याचा विचार सोडून या कामाकडे वळलेले स्टॅग तिथे १९३२ पर्यंत, एक्केचाळीस हंगाम, टिकले. सत्तराव्या वर्षी विद्यापीठाने निवृत्त केले, तेव्हा घरी बसण्याऐवजी ते कॅलिफोर्नियातील एका लहान महाविद्यालयात गेले आणि तिथे चौदा हंगाम त्यांनी शिकवले. त्यांना १०२ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांनी शिकागो सोडल्यावर काही वर्षांतच, १९३९ मध्ये, शिकागो विद्यापीठाने आपला फुटबॉल संघच बंद करून टाकला, कारण शिक्षणसंस्थेत या खेळाचे स्तोम माजले आहे असे तेव्हाच्या अध्यक्षांचे मत होते. त्या मतात तथ्य नव्हते, असे मला म्हणवत नाही.

आज मोठ्या विद्यापीठांतील प्रशिक्षक वर्गावर शिकवत नाही आणि कायमही नसतो. तो कराराने बांधलेला असतो. करार संपण्यापूर्वी काढले तर उरलेल्या वर्षांचे पैसे त्याला द्यावे लागतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा ही देणी साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली. काम न करण्याबद्दल मिळणारी ही रक्कम ऐकून आपल्याला काय वाटेल, याची मला कल्पना आहे.

मुख्य प्रशिक्षक गेला की त्याच्या सहायकांचीही बहुधा गठडी वळते. नवा माणूस आपली माणसे आणतो. सहायकांचे करार थोड्या मुदतीचे असतात, आणि डिसेंबरात काढलेला माणूस फेब्रुवारीत दुसऱ्या राज्यात, मुलांच्या शाळेचे दाखले हातात घेऊन, घर शोधत असतो. आपल्या जूनच्या मुलाखतीशी याची तुलना करायला हरकत नाही. फरक मुख्यतः पैशांचा आणि अंतराचा आहे.

लहान महाविद्यालयांचे जग मात्र निराळे आहे, आणि आपल्या परिस्थितीला तेच जवळचे आहे. तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तिथे अनेकदा एकच माणूस दोन खेळ सांभाळतो. मिनेसोटातील सेंट जॉन्स विद्यापीठाचे जॉन गॅग्लियार्डी हे त्याचे ठळक उदाहरण. १९४३ मध्ये त्यांच्या शाळेच्या प्रशिक्षकाला सैन्यात बोलावले गेले, तेव्हा सोळा वर्षांच्या या मुलानेच संघ हाती घेतला. सेंट जॉन्समध्ये ते १९५३ पासून २०१२ पर्यंत होते, आणि सुरुवातीला बर्फावरील हॉकीचा संघही त्यांच्याकडे होता. त्यांच्या सरावात शिट्टी नव्हती, एकमेकांना आदळून पाडणे नव्हते, आणि संघात यायला आलेल्या मुलाला ते परत पाठवत नसत. खेळाडूंनी आपल्याला ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणावे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे हे जमणार नाही आणि जमवूही नये, पण बाकीचे सगळे जमण्यासारखे आहे. ४८९ विजय मिळवून ते निवृत्त झाले. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये इतके विजय कोणाही प्रशिक्षकाच्या नावावर नाहीत, कोट्यवधी डॉलर घेणाऱ्यांच्याही नाही.

कायम नोकरी हेच आपले उद्दिष्ट असेल तर मार्ग आपल्याकडचाच धरावा. एम.पी.एड.ला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही अट आपल्याला माहीत असेलच; शरीरक्षमता चाचणीकडे मात्र उमेदवार दुर्लक्ष करतात. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १८०० मीटर अंतर धावून किंवा चालून पूर्ण करायचे असते. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात सराव सुरू करणाऱ्यांची फजिती मी निवड समितीत बसून पाहिली आहे.

जाता जाता, गडचिरोली-चंद्रपूरच्या उन्हात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी एक घटना लक्षात ठेवावी. २०१८ च्या मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठात सरावादरम्यान एका १९ वर्षांच्या खेळाडूला उष्माघात झाला आणि जूनमध्ये तो दगावला. अशा वेळी खेळाडूला ताबडतोब थंडगार पाण्यात बुडवून शरीराचे तापमान उतरवणे हाच खात्रीचा उपाय असतो; तो वेळीच केला गेला नव्हता, असे चौकशीत निष्पन्न झाले. विद्यापीठाने जबाबदारी मान्य केली आणि मुख्य प्रशिक्षकाला त्याच वर्षी पद गमवावे लागले. आपल्या महाविद्यालयात बर्फाची सोय नसेल. गुरांना पाणी पाजण्याचे एक मोठे टाके भरून मैदानाच्या कडेला ठेवणे कोणत्याही गावात शक्य आहे. मुलगा अडखळू लागला किंवा असंबद्ध बोलू लागला, की आधी त्याला पाण्यात बसवावे, पाणी हलवत राहावे, आणि मग गाडीची वाट पाहावी.

प्रश्न : अमेरिकन फुटबॉल म्हणजे रग्बीच ना? मग नाव फुटबॉल का?
— एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : तो रग्बीच्या कुळातला आहे, पण घर वेगळे केलेला. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत झालेला सामना पहिला मानला जातो. त्यात चेंडू खरोखरच पायाने खेळला गेला होता आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. पुढे रग्बीचे नियम आले, आणि १८८० च्या सुमारास येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी चेंडूचा ताबा एका संघाकडे ठेवून ठरावीक संधींत ठरावीक अंतर कापण्याची पद्धत रूढ केली. १९०५ च्या सुमारास या खेळातील मृत्यूंमुळे ओरड झाली आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. १९०६ मध्ये चेंडू हाताने पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. नाव तेवढे जुने राहिले.

प्रश्न : मी बी.पी.एड.ला असून शाळेत असताना खो-खो खेळले आहे. या क्षेत्रात स्त्रियांना प्रशिक्षक म्हणून स्थान आहे काय? की हा प्रश्नच हास्यास्पद आहे?
— एक विद्यार्थिनी, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : प्रश्न हास्यास्पद मुळीच नाही. स्थान आहे, परंतु ते अजून थोडे आहे. डार्टमथ महाविद्यालयाने २०१८ मध्ये कॅली ब्राउन्सन यांना पूर्णवेळ प्रशिक्षकवर्गात घेतले. फेब्रुवारी २०२० मध्ये केटी सॉवर्स या व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक म्हणून उतरलेल्या पहिल्या महिला ठरल्या. मोठ्या विद्यापीठाच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षकपद स्त्रीकडे जायला बराच अवकाश लागेल, असे मला वाटते.

तुमच्यासाठी अधिक जवळचा मार्ग फ्लॅग फुटबॉलचा आहे. यात कोणी कोणाला पाडत नाही; प्रत्येक खेळाडूच्या कमरेला दोन फिती लटकतात आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत ओढली की ती खेळी संपते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्रिया आणि पुरुष अशा दोन्ही गटांत या खेळाचा समावेश झाला आहे, आणि अमेरिकेतील लहान महाविद्यालयांच्या एका राष्ट्रीय संघटनेने २०२१ पासून मुलींच्या स्पर्धाही सुरू केल्या आहेत. खो-खोत कमावलेली हुलकावणी आणि एका पायावर वळण्याची सवय इथे फार उपयोगी पडेल. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू, वीस मिनिटांचे दोन डाव, आणि सुमारे ६४ मीटर लांब व २३ मीटर रुंद मैदान एवढेच लागते. ओढल्यावर सुटून यावी अशा बेताने कमरेत खोचलेल्या जुन्या साडीच्या काठाच्या पट्ट्या फितीचे काम करतात. तुमच्या सराव-पाठाच्या शाळेत, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, दहा मुली घेऊन खेळवून पाहा आणि काय अडचणी आल्या ते या सदराला कळवा.